विश्लेषण : भरपूर रनिंग झालेल्या, ठोकर लागलेल्या जुन्या गाडीला किती किंमत द्यावी?

नवी गाडी परवडत नाही आणि चांगल्या स्थितीतील जुनी गाडीही महाग वाटते, अशा वेळी अनेकांची नजर तिसऱ्याच गाडीकडे वळते. मीटरवर दीड लाखाहून अधिक किलोमीटर, बंपर फुटलेला, बोनेटला पोचा आणि किंमत तशाच इतर गाड्यांपेक्षा ५०-६० हजारांनी कमी. ‘थोडे डेंटिंग-पेंटिंग केले की झाले’ असे विक्रेता सांगतो. ते खरे असेल तर सौदा उत्तम. खोटे असेल तर वर्षभरात गाडीच्या किमतीएवढी रक्कम गॅरेजमध्ये जाऊ शकते. अशा गाडीची बोली नेमकी किती लावावी, रनिंगचे किती आणि ठोकरीचे किती पैसे वजा करावेत, कोणती गाडी फुकटातही घेऊ नये, याविषयी...

सुरुवात कोणत्या आकड्यापासून करावी?

विक्रेत्याने सांगितलेली किंमत ही त्याची अपेक्षा असते. तिच्यातून १०-२० हजार कमी करून घेण्यात धन्यता मानली, तर हिशेब त्याच्या आकड्याभोवतीच फिरतो. म्हणून सुरुवात वेगळ्या आकड्यापासून करावी. तेच मॉडेल, तेच इंधन, तेच व्हेरिएंट, नोंदणीचे तेच वर्ष, पण न ठोकलेली आणि साधारण रनिंग झालेली गाडी आज त्याच शहरात कितीला विकली जाते, हा तो आकडा. त्यासाठी किमान आठ-दहा जाहिराती पाहाव्यात. सर्वात महाग आणि सर्वात स्वस्त गाडी बाजूला ठेवून मधला आकडा घ्यावा. जाहिरातीतील किंमत मागितलेली असते, मिळालेली नसते. त्यामुळे त्यातूनही घासाघिशीची रक्कम वजा करावी. पुणे, मुंबई, नाशिक किंवा कोल्हापुरात एकाच मॉडेलचे भाव वेगळे असू शकतात, म्हणून तुलना आपल्या भागातील गाड्यांशीच करावी.

नव्या गाडीच्या किमतीवरही लक्ष हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील उपकरही गेला. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीच्या किमतीची कमाल मर्यादा आपोआप खाली येते. ‘मी साडेआठ लाखांना घेतली होती’ हा विक्रेत्याचा युक्तिवाद अशा वेळी गैरलागू ठरतो. त्याने किती दिले यापेक्षा आज तीच किंवा तिच्या जागी आलेली नवी गाडी कितीला मिळते, हे महत्त्वाचे.

विम्यातील आयडीव्ही म्हणजे गाडीची किंमत का?

नाही. विमा पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही ही गाडी चोरीला गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास मिळणाऱ्या भरपाईची कमाल रक्कम असते. ती काढण्यासाठी घसाऱ्याचे ठरावीक कोष्टक आहे. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक आपसात रक्कम ठरवतात. या कोष्टकात किलोमीटरला स्थान नाही. ३० हजार किलोमीटर धावलेली आणि दीड लाख धावलेली गाडी तेथे सारखीच.

मात्र आयडीव्हीचा एक उपयोग आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर विमा कंपनी ती गाडी ‘टोटल लॉस’ धरते. अडीच लाख आयडीव्ही असलेल्या गाडीसाठी ही सीमा १ लाख ८७ हजार ५०० रुपये. म्हणजे जुन्या गाडीला मध्यम अपघातही पुरतो. अशा गाड्या भंगारातून उचलून, ठोकून-पिटून पुन्हा विकायला आणल्या जातात. त्यामुळे ‘या गाडीचा कधी टोटल लॉसचा दावा झाला होता का’ हा प्रश्न थेट विचारावा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्यावे.

जास्त रनिंगचे किती पैसे वजा करावेत?

खासगी वापराची पेट्रोल गाडी वर्षाला साधारण १० ते १२ हजार किलोमीटर धावते, असा बाजारातील ढोबळ अंदाज. डिझेल गाडी लांबच्या प्रवासासाठी घेतली जात असल्याने तिचे रनिंग जास्त असते. त्याहून अधिक धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे अमुक रुपये वजा करा, असे सूत्र सांगितले जाते. ते सोपे असले तरी फसवे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि महामार्गांवर चौथ्या-पाचव्या गियरमध्ये झालेले दीड लाख किलोमीटर आणि शहरातील कोंडीत क्लच दाबत झालेले तेवढेच किलोमीटर यांत मोठा फरक असतो. दुसऱ्या गाडीचा क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन कितीतरी अधिक झिजलेले असते.

म्हणून किलोमीटरऐवजी कामे मोजावीत. दीड लाखाच्या आसपास कोणती मोठी कामे येतात, त्यातील कोणती झाली आहेत आणि कोणती खरेदीदाराच्या गळ्यात पडणार आहेत, याची यादी करावी. क्लच प्लेट, शॉकॲब्सॉर्बर आणि खालचे बुश, टायर, बॅटरी, ब्रेक डिस्क, इंजिन माउंटिंग, टायमिंग बेल्ट असल्यास तो, डिझेल गाडीत इंजेक्टर आणि टर्बो ही त्यातील मुख्य नावे. सव्वा लाखाला क्लच बदलल्याचे बिल असेल तर त्याचे पैसे वजा करण्याचे कारण नाही. बिल नसेल तर काम झालेले नाही, असेच धरावे.

यात दोन चुका टाळाव्यात. पहिली, तुलनेसाठी घेतलेल्या गाड्याही दीड लाख धावलेल्या असतील, तर त्यांच्या भावात रनिंगची घट आधीच आलेली आहे. ती पुन्हा वजा केली तर बोली अवास्तव कमी होते आणि विक्रेता बोलणेच थांबवतो. दुसरी, झिजणाऱ्या वस्तूची पूर्ण किंमत वजा करू नये. तुलनेतील गाड्यांचे टायर अर्धे झिजलेले असतील आणि या गाडीचे संपलेले असतील, तर फरक अर्ध्या संचाचा आहे. नवे टायर घातल्यावर पुढील हजारो किलोमीटरचा लाभ खरेदीदारालाच मिळणार असतो.

मीटरवरचा आकडा खरा कशावरून?

डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. त्यामुळे आकड्यापेक्षा पुरावा पाहावा. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जात असेल तर प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर तेथे नोंदलेले असतात. ही नोंद मालकाला सोबत घेऊन मागता येते. २०२१ मध्ये १ लाख १० हजार असलेला आकडा आज ८५ हजार दिसत असेल, तर पुढे काही बोलायची गरज नाही.

गाडी स्वतःही बोलते. ४० हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत, स्टेअरिंगचे कव्हर चकचकीत आणि चालकाच्या सीटची कड बसलेली असेल, तर शंका घ्यावी. टायरच्या कडेला चार अंकी शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. २०१८ च्या कमी धावलेल्या म्हणवणाऱ्या गाडीला चारही टायर २०२१ चे असतील, तर पहिला संच एवढ्या लवकर कसा संपला, हे विचारावे.

आणखी एक शक्यता म्हणजे टॅक्सी पासिंगची गाडी नंतर खासगी करून विकणे. अशी गाडी वाईटच असते असे नाही, पण तिची किंमत वेगळी असते. आरसीवरील वाहनाचा वर्ग, मालकाचा अनुक्रमांक आणि पूर्वीच्या नोंदी यांवरून ते कळते.

ठोकर किती प्रकारची असते?

किमतीच्या दृष्टीने चार. पहिली वरवरची. ओरखडे, दाराला पोचा, रंग उडालेला. गाडी चालण्यावर परिणाम नाही. येथे विक्रेत्याच्या घाबरण्याचा फायदा खरेदीदाराला मिळतो, कारण दिसायला वाईट असलेली गाडी खर्चाला स्वस्त असते. काही पोचे दुरुस्त न करताही गाडी वर्षानुवर्षे चालते.

दुसरी नटबोल्टवरच्या भागांची. बंपर, हेडलाइट, फेंडर, बोनेट, आरसा. हे भाग काढून नवे बसवता येतात. खर्च मोजता येतो. जास्त विकल्या गेलेल्या मॉडेलचे भाग मूळ कंपनीचे, बाहेरचे किंवा जुन्या बाजारातील असे तीन दरांत मिळतात. कमी विकलेल्या किंवा भारतातून निघून गेलेल्या कंपनीच्या गाडीचा एक हेडलाइटही महिनोन्महिने मिळत नाही.

तिसरी आतल्या यंत्रणेची. समोरून बसलेल्या ठोकरीत बंपरच्या मागचा रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, पंखा आणि त्यांना धरणारी चौकट दबते. बाहेरून केवळ बंपर फुटलेला दिसतो. चाकाजवळची ठोकर असेल तर लोअर आर्म, स्टेअरिंग रॅक आणि अलाइनमेंट तपासायला हवी. सरळ रस्त्यावर हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकाच कडेने झिजले असतील, तर हा खर्च गृहीत धरावा.

चौथी सांगाड्याची. चॅसीच्या पुढच्या दांड्या, इंजिनभोवतीचे एप्रन, दारांमधले पिलर, छत. ही जागा वाकून सरळ केली असेल तर गाडीची पुढच्या अपघातात आतल्या माणसांना वाचवण्याची क्षमता कमी होते. दुरुस्ती किती सुबक झाली हे दिसते, ताकद किती उरली हे दिसत नाही.

आधीची दुरुस्ती कशी ओळखावी?

दिवसाउजेडी, कोरडी गाडी पाहावी. बोनेट, दारे आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते बघावे. फेंडर आणि बोनेटच्या बोल्टवर पान्याचे व्रण असतील तर तो भाग कधीतरी उघडला आहे. कारखान्यातील वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधील वेल्डिंग ओबडधोबड दिसते. दारांचे रबर ओढून आतील पत्रा पाहता येतो. सर्व काचांवरील वर्षाचे शिक्के जुळतात का, हेही पाहावे. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर कारण विचारावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र अनेक मेकॅनिककडे असते. पुट्टी भरलेल्या जागी आकडा एकदम वाढतो.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझायला हवा. तो लागलाच नाही तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो, म्हणजे एअरबॅग उघडून गेल्या आणि नव्या बसवल्या नाहीत. स्कॅनर लावून कोड वाचण्याचा खर्च मामुली असतो. सर्व कोड नुकतेच पुसलेले दिसले तर सावध व्हावे.

कोणती गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये?

सांगाडा कापून जोडलेली, चॅसी क्रमांकाशी छेडछाड झालेली, एअरबॅग उघडून गेलेली आणि पुरात बुडालेली. शेवटची सर्वात फसवी, कारण बाहेरून तिच्यावर ओरखडाही नसतो. २००५ चा मुंबईतील पूर, २०१५ चा चेन्नईतील, २०१९ चा कोल्हापूर-सांगलीतील आणि २०२१ चा चिपळूणमधील पूर यांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. बुडालेल्या गाडीत वायरिंगचे जोड महिन्यांनंतर गंजू लागतात आणि बिघाड एकामागून एक येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग आहे का, गालिच्याखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ किंवा गंज आहे का, आतून कुबट वास येतो का, हे पाहावे. यातील एकही खूण सापडली तर भाव पाडण्याचा मुद्दा उरत नाही. तेथून निघावे.

दुरुस्तीचा अंदाज कसा काढायचा?

अंदाज विक्रेत्याच्या गॅरेजचा नको. स्वतःच्या ओळखीच्या मेकॅनिकला न्यावे किंवा दोन ठिकाणी गाडी दाखवावी. एक अंदाज कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा आणि एक बाहेरच्या चांगल्या गॅरेजचा असावा. दोन्हींत दुप्पट फरकही असू शकतो. बोलणी करताना कोणता आकडा धरायचा हे खरेदीदार प्रत्यक्षात दुरुस्ती कोठे करणार यावर ठरवावे.

लेखी अंदाजात सुटे भाग, मजुरी आणि रंग वेगवेगळे लिहून घ्यावेत. त्यावर न दिसणाऱ्या नुकसानासाठी राखीव रक्कम धरावी, कारण बंपर काढेपर्यंत मागे काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. वरवरच्या ठोकरीला ही राखीव रक्कम लागत नाही. समोरून बसलेल्या ठोकरीला अंदाजाच्या २५ ते ३० टक्के रक्कम धरणे शहाणपणाचे. याशिवाय ‘डागा’ची किंमत असते. उत्तम दुरुस्त केलेली गाडीही उद्या विकताना पुढचा खरेदीदार ‘लागलेली गाडी’ म्हणून भाव पाडणारच. ती घट आजच विक्रेत्याकडून वसूल करायला हवी.

प्रत्यक्ष हिशेब कसा मांडावा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २०१६ ची डिझेल सेडान, १ लाख ६० हजार किलोमीटर, दुसरा मालक, पुढील डाव्या बाजूने ठोकलेली. विक्रेत्याची अपेक्षा २ लाख ६० हजार. खालील सर्व आकडे केवळ पद्धत समजावण्यासाठी आहेत, प्रत्येक गाडीसाठी ते नव्याने काढावे लागतील.

त्याच वर्षाच्या, एक लाखाच्या आसपास धावलेल्या, न ठोकलेल्या गाड्यांच्या जाहिरातींतील मधला आकडा ३ लाख ४० हजार. घासाघीस धरून प्रत्यक्ष विक्री ३ लाख १५ हजार. हा पाया.

रनिंगमुळे समोर असलेली कामे : क्लच १६ हजार, सस्पेन्शन १२ हजार, टायरच्या संचाची अर्धी किंमत १० हजार, इंजेक्टर-टर्बोसाठी राखीव १५ हजार. एकूण ५३ हजार.

ठोकर : लेखी अंदाज ४० हजार, न दिसणाऱ्या नुकसानासाठी राखीव १२ हजार. एकूण ५२ हजार.

पुढील विक्रीतील घट १५ हजार. थकीत चलन आणि नसलेली सुरक्षित नंबरप्लेट यांसाठी ५ हजार.

एकूण वजावट १ लाख २५ हजार. ३ लाख १५ हजारांतून ती वजा केल्यावर उरतात १ लाख ९० हजार. ही पहिली बोली नव्हे, ही खरेदीदाराची शेवटची मर्यादा. पहिली बोली १ लाख ६५ ते १ लाख ७० हजारांच्या दरम्यान असू शकते. विक्रेता २ लाख ३० हजारांवर अडला, तर या गाडीत खरेदीदाराला ४० हजारांचा तोटा आहे आणि ‘एवढे पाहिले, आता सोडायची कशाला’ या भावनेची ती किंमत आहे.

येथे आणखी एक तपासणी करावी. १ लाख ९० हजार अधिक लगेच करावी लागणारी कामे, म्हणजे ठोकरीचे ५२ हजार, क्लच आणि सस्पेन्शनचे २८ हजार आणि टायरच्या पूर्ण संचाचे २० हजार, मिळून गाडी २ लाख ९० हजारांना पडते. इंजेक्टर बिघडले तर ३ लाख ५ हजारांना. यात २५ हजारांची भर घालून ३ लाख १५ हजारांची न ठोकलेली, कमी धावलेली गाडी मिळत असेल, तर ती घेणे अधिक सुरक्षित नाही का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. ठोकलेल्या गाडीतून बचत होते ती धोका पत्करल्याबद्दल. बचत नगण्य असेल तर धोका घेण्यात अर्थ नाही.

विम्यातून दुरुस्ती करून घेता येईल?

खरेदीनंतर नाही. जुने नुकसान नव्या पॉलिसीत दाखवणे ही फसवणूक ठरते. पॉलिसीची मुदत संपलेली असेल तर विमा कंपनी आधी गाडीची तपासणी करते आणि असलेले नुकसान नोंदवून ठेवते. मात्र विक्रेत्याची सर्वंकष पॉलिसी चालू असेल आणि अपघात ताजा असेल, तर त्यानेच विक्रीपूर्वी दावा करून गाडी दुरुस्त करून द्यावी, असा प्रस्ताव देता येतो. त्याला पूर्ण खर्च मिळणार नाही. पाच ते दहा वर्षांच्या गाडीत धातूच्या भागांवर ४० टक्के आणि प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय त्याचा नो क्लेम बोनस जातो.

हा बोनस खरेदीदारासाठी महत्त्वाचा धागा आहे. तो पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्के आणि पुढे २५, ३५, ४५, ५० टक्के असा वाढतो. पॉलिसीवर ५० टक्के बोनस दिसत असेल तर त्या मालकाने सलग किमान पाच वर्षे दावा केलेला नाही. बोनस शून्य असेल तर गेल्या वर्षी काय झाले, हे विचारायला हवे. अर्थात बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो दुसऱ्या गाडीवरून आलेला असू शकतो आणि खिशातून केलेल्या दुरुस्तीची नोंद त्यात नसते. खरेदीदाराला तो मिळतही नाही.

कागदपत्रांमुळे किंमत किती बदलते?

काही बाबतींत पूर्णच. वाहन पोर्टल किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. थकीत ई-चलन स्वतंत्रपणे तपासावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. २०१६ च्या गाडीला २०३१ मध्ये नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर यांना सामोरे जावे लागेल. जितकी वर्षे कमी उरली तितका भाव कमी.

परराज्यातील स्वस्त गाडीबाबत विशेष काळजी हवी. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील अनेक गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. मूळ आरटीओची एनओसी, महाराष्ट्रातील रस्ता कर, नवा क्रमांक आणि त्यासाठीच्या फेऱ्या हा सर्व खर्च किमतीतून वजा केल्यावर स्वस्ताई किती उरते, ते पाहावे.

बोलणी कशी करावी?

विक्रेत्याच्या हातात कोणते पर्याय आहेत, याचा विचार आधी करावा. तो गाडी दुरुस्त करून विकू शकतो, एक्स्चेंजमध्ये देऊ शकतो किंवा डीलरला विकू शकतो. डीलरला आपला नफा काढायचा असतो आणि नोंदणीकृत डीलरला नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो. त्यामुळे डीलरची बोली थेट खरेदीदारापेक्षा सहसा कमी असते. शेवटचा पर्याय भंगाराचा. केंद्राने २०२१ मध्ये स्क्रॅप धोरण जाहीर करताना नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के भंगारमूल्य सांगितले होते. म्हणजे विक्रेत्याचा तळ आणि खरेदीदाराची मर्यादा यांच्यामध्ये सौदा होतो.

बोली सांगताना कागद समोर ठेवावा. ‘गाडी खराब आहे’ म्हटले की मालक दुखावतो आणि बचावात जातो. ‘क्लचचे १६ हजार, पुढच्या कामाचा लेखी अंदाज ४० हजार’ असे म्हटले की चर्चा आकड्यांवर होते. एखाद्या कामाचे बिल त्याने दाखवले, तर तेवढी रक्कम बोलीत प्रामाणिकपणे वाढवावी. इसार दिल्याशिवाय गाडी मेकॅनिकला दाखवू न देणारा विक्रेता सोडून द्यावा.

ही अविश्वासाची किंमत अर्थशास्त्राने फार पूर्वी ओळखली आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मधील आपल्या शोधनिबंधात जुन्या गाड्यांच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. त्यामुळे खरेदीदार सरसकट कमी भाव देतो, चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि खराब गाड्याच उरतात. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. बिले, सर्व्हिसच्या नोंदी आणि अपघाताचे फोटो दाखवणाऱ्या विक्रेत्याला थोडे जास्त पैसे देणे परवडते. काहीच न दाखवणाऱ्याला द्यायची रक्कम सर्वात वाईट शक्यता धरूनच ठरवावी.

सौदा ठरल्यानंतर काय?

गाडी नावावर होईपर्यंत धोका दोघांनाही असतो. विक्रेत्याने राज्यांतर्गत विक्रीची माहिती १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ‘टीटी फॉर्मवर सह्या करून ठेवा, नंतर बघू’ ही पद्धत महागात पडते. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात दिला. गाडी पुढे अनेक हातांत गेलेली असूनही कागदावरील मूळ मालकाची सुटका झाली नाही. खरेदीदाराच्या बाजूने, विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेतला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

व्यवहाराच्या दिवशी किलोमीटर, दिसणारे नुकसान, ताब्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पैसे बँकेतूनच द्यावेत. आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा पाच हजारांनीही पुढे जाण्याचा मोह झाला, तर एक दिवस थांबावे. दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाड्या बाजारात कमी नाहीत, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मात्र एकदाच खर्च करता येतात.